रांग चुकवणारी खुर्ची

मी चाकांची खुर्ची बोलतेय. दचकू नका. मला बघून माणसं एकतर पटकन नजर वळवतात, नाहीतर उगाच हळहळतात. दोन्हीची मला सवय आहे. विमानतळावर मात्र लोक माझ्याकडे हेव्याने बघतात. तो हेवा कसला, ते ओघाने येईलच.

माझा जन्म एका पत्र्याच्या छपराच्या कारखान्यात झाला. घामाने निथळणाऱ्या बायकांनी माझ्या नळ्या वाकवल्या, चाकं बसवली, पाठीला निळं रेक्झिन ताणून शिवलं. तिथून मी एका औषधाच्या दुकानात आले आणि काठ्या-कुबड्यांच्या घोळक्यात घडी होऊन भिंतीला टेकून राहिले. मनाशी म्हणायचे, आपण कुणाचे तरी पाय होऊ. माणसांसारखीच मलाही स्वप्नं पडायची, आणि माणसांसारखीच ती भलत्या रीतीने खरी झाली.

मला विकत घेणारे गृहस्थ इथले नव्हते. मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर बदली होऊन ते आपला देश सोडून या उकाड्याच्या, दमट देशात आले होते. घरात सगळे त्यांना थट्टेने 'साहेब' म्हणत. बायको म्हणजे 'बाईसाहेब', एक छोटी मुलगी आणि साहेबांची आई, एवढंच कुटुंब. वडील गेल्यावर साहेबांनी आईला 'थोडे दिवस हवापालट' म्हणून आणलं होतं.

ही आई म्हणजे आयुष्यभर शाळेत कवायत शिकवलेली बाई. चालायची ती ताठ, सगळ्यांच्या पुढे. इथे आल्या आल्या तिने सकाळी बाहेर पडून खालचा सगळा परिसर पालथा घातला. फळवालीशी तर ती आपल्या भाषेत भांडूनही यायची, आणि फळवाली तिच्या भाषेत. दोघींचं उत्तम जमलं होतं.

मग एका दुपारी पोहण्याच्या तलावाजवळच्या गुळगुळीत फरशीवरून तिचा पाय घसरला. घोटा टम्म सुजला. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, थोडी विश्रांती द्या. त्याच संध्याकाळी मी घरी आले. आईने मला बघून तोंड वाकडं केलं. "अरे, घोटा मुरगळलाय, मी नाही!" ती म्हणाली. मला ती तिथेच आवडली.

सूज उतरली. आई घरात चालू लागली. माझी घडी करून मला गच्चीत ठेवायचं ठरत होतं, तेवढ्यात जोडून सुट्ट्या आल्या.

या बाहेरून आलेल्या लोकांचं सुट्टीचं वेड काय सांगू! चार दिवस मोकळे मिळाले की निघाले कुठल्या तरी बेटावर. परत आल्यावर आम्ही राहायचो त्या उंच टॉवरमधल्या सगळ्या बायका कॉफीला जमणार आणि कोणाचा समुद्र जास्त निळा होता यावर वाद घालणार. तर त्या वेळी, घोट्याला त्रास नको म्हणून, साहेबांनी मला बरोबर घेतलं.

विमानतळावर रांगच रांग होती. पोरं रडत होती, माणसं घड्याळं बघत होती. आई माझ्यावर बसली मात्र, एक गणवेशातला माणूस धावत आला आणि दोरी बाजूला करून आम्हाला थेट पुढे घेऊन गेला. सामानाची रांग, तपासणीची रांग, पासपोर्टवरच्या शिक्क्याची रांग, सगळ्यांना वळसा. आईच्या मागून साहेब, बाईसाहेब आणि छोटी.

"काय मस्त सोय आहे गं!" बाईसाहेब म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा मी बघितला. फुकटची वाट सापडलेल्या माणसाचा चेहरा वेगळाच असतो.

पुढच्या सुट्टीला आईचा पाय ठणठणीत होता. तरी मी निघाले.

"आई, फक्त विमानतळापुरतं," साहेब म्हणाले.

"अरे, पण मला काय झालंय?"

"काही झालं नाही गं. पण पोरीला रांगेत किती त्रास होतो, बघतेस ना?"

नातीचं नाव काढल्यावर आजी काय बोलणार? बसली. बसल्यावर सगळ्यांच्या पिशव्या तिच्या मांडीवर आल्या.

विमानतळापुरतं म्हणता म्हणता मी हॉटेलात शिरले. विमानतळावर जिला चालता येत नाही ती हॉटेलात टुणटुणीत कशी दिसणार? तिथेही चांगली खोली, आधी जेवण, वेगळी गाडी असं सगळं माझ्या जोरावर मिळायचं. बाकीची मंडळी समुद्रावर निघाली की साहेब म्हणायचे, "वाळूत चाकं रुततात. तू इथे गार हवेत बस." मग आई आणि मी त्या चकचकीत दालनात, काचेपलीकडचा समुद्र बघत. किती बेटं पाहिली आम्ही! सगळी काचेतूनच. एकदा ती मला म्हणाली, म्हणजे स्वतःशीच म्हणाली, "पाण्यात पाय बुडवायला काय हरकत होती?"

घरीही चित्र पालटलं. त्या टॉवरची लिफ्ट कार्डाशिवाय चालायची नाही. आईचं कार्ड छोटीने हरवलं आणि नवं काही आलं नाही. "तू एकटी कशाला खाली जातेस? पुन्हा पडलीस म्हणजे?" फळवाली राहिली खाली, आई राहिली वर.

एकदा मात्र गंमत झाली. गंमत म्हणायची झालं. विमानतळावर साहेब फोनवर बोलत होते, बाईसाहेब अत्तराच्या दुकानात होत्या, आणि छोटी सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर चढायला गेली. तिचा फ्रॉक कडेला अडकला. आई माझ्यावरून अशी उठली की मी मागच्या मागे भिंतीवर आदळले. पळत गेली, पोरीला उचलून घेतलं, कडेवर घेऊन चालत परत आली.

आम्हाला ढकलणारा गणवेशातला माणूस आधी बघतच राहिला, मग खो खो हसला. रांगेतले लोकही हसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

साहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "आई, सगळ्यांसमोर नाक कापलंस माझं!"

"पोर पडत होती रे."

"मी होतो ना!"

"तू फोनवर होतास."

"बस आधी. खाली बस!"

त्या दिवशी ती बसली ती वेगळ्या तऱ्हेने बसली. इतके दिवस ती माझ्यावर टेकायची. त्या दिवशी तिने सगळं वजन सोडून दिलं. शिक्षा भोगायला बसावं तशी. विमानात, घरी, नंतरही ती कोणाशी फारसं बोलली नाही. उठायचं कमी झालं. जेवायच्या टेबलाशीही मलाच आणू लागले. माझ्या पायामागच्या पट्टीवर टेकलेल्या तिच्या पोटऱ्या मी बघत होते. कवायतीच्या बाईच्या त्या पोटऱ्या सुकलेल्या शेंगेसारख्या होत गेल्या.

आणि मग कंपनीने साहेबांची पुन्हा बदली केली. आणखी दूरच्या देशात. घरात आनंदीआनंद. आईने ताट बाजूला सारलं.

"मला माझ्या घरी पाठव," ती म्हणाली.

"एकटी कशी राहशील? तुला धड चालता तरी येतं का?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली.

"हे तू विमानतळावरच्या लोकांना सांगायचास," ती हळूच म्हणाली. "तुला स्वतःला कधीपासून पटलं?"

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला आणि सामान बांधणाऱ्यांचा विषय काढला.

त्या घरात कामाला एक ताई होती. तीही परदेशातूनच आलेली. आपली लेकरं मायदेशी स्वतःच्या आईकडे ठेवून ती दुसऱ्याचं पोर सांभाळत होती. पण तिला कोणी 'बदली होऊन आलेली' म्हणत नसे, कामवाली म्हणत. तिला आणि आईला एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्या दिवशीचं सगळं तिला समजलं होतं. दुसऱ्या दिवशी घरातले सगळे बाहेर पडल्यावर तिने मला लांबलचक गॅलरीत आणलं, आईला उभं केलं, आणि तिचे दोन्ही हात माझ्या पाठीमागच्या मुठींवर ठेवले.

मी आईचा पांगुळगाडा झाले. ती मला ढकलत होती आणि मी पुढे जात होते. जन्मात पहिल्यांदा मी खरंच कुणाचे तरी पाय झाले होते. पहिल्या दिवशी ती जेमतेम दुसऱ्या दारापर्यंत पोचली. एकदा गुडघा दगा देऊन गेला आणि ती मटकन फरशीवर बसली. ताईने धावत येऊन तिला उठवलं आणि आपल्या भाषेत तिला चांगलं झापलं. आईने आपल्या भाषेत उलट उत्तर दिलं. मग दोघी हसल्या. रोज दुपारी हाच उद्योग. साहेबांच्या कानावर यातलं काही गेलं नाही. हळूहळू ती गॅलरीच्या टोकाला जाऊन परत येऊ लागली. पण पूर्वीची ताठ चाल काही परत आली नाही. गेलेलं सगळं परत येत नसतं.

शेवटी आईच्या हट्टापुढे साहेबांनी तिचं घरचं तिकीट काढलं. विमानं वेगवेगळी, दिवस एकच. ताईचा हिशोब त्याच सकाळी मिटवला. दारात आईने तिला घट्ट मिठी मारली. बाईसाहेब म्हणाल्या, "चला, उशीर होतोय."

शिक्क्याची रांग वळणं घेत पार दारापर्यंत आली होती. साहेबांनी माझी घडी उलगडली आणि गणवेशातल्या माणसाला हात केला.

"मी रांगेत उभी राहणार," आई म्हणाली.

"आई, आता तमाशा नको. बस ना, तुझ्यामुळे आम्ही सगळे ताटकळणार!"

"मग ताटकळा."

ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. दोरीच्या खांबाला धरून. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होती, मला लांबून दिसत होतं. मागे साहेब, बाईसाहेब, छोटी. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. साहेब बायकोला म्हणाले, "एवढं केलं हिच्यासाठी, आणि हे फळ." आईने ते ऐकलं असावं. तिने मान वळवली नाही. खिडकीशी तिच्या कागदावर शिक्का पडला, आणि ती भिंतीचा आधार घेत पलीकडे गेली.

मला तिथेच खांबाशी सोडून मंडळी पुढे गेली. विमानतळाच्या लोकांनी मला उचललं, माझ्या पाठीवर रंगाने आकडा घातला आणि आपल्या खुर्च्यांत उभं केलं. माझ्या चाकांच्या आत गंज चढलाय, एक ब्रेक लागत नाही.

आई घरी कशी आहे, जिना चढते का, बाजारात जाते का, मला माहीत नाही. खुर्चीला कोण कळवणार?

माझ्यावर खरे दुखणाईत बसले की मी जीव ओतून चालते. पण रोज मला धडधाकट म्हातारी माणसंही भेटतात, खाली मान घालून बसलेली, मागे सगळं कुटुंब ऐटीत चालत असलेलं. त्या कुटुंबांना माझं एकच सांगणं आहे. पाय एकदा चालणं विसरले की सुट्टी संपली म्हणून परत येत नाहीत. रांगेत उभं राहून कोणी मरत नाही.