दुधाच्या कॅनची टाकी

सटवानं आयुष्यात एकच गोष्ट जीव ओतून केली, आणि नेमकी तीच त्याच्या अंगाशी आली.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर त्याचं गॅरेज. ट्रॅक्टर, टमटम, जे येईल ते दुरुस्त करायचा. पण जीव अडकलेला कॅफे रेसरमध्ये. म्हणजे काय, तर जुनी मोटारसायकल सोलून हलकी करायची, हँडल खाली, सीट एकट्यापुरतं, टाकी लांबसडक. भंगारातल्या एका राजदूतवर तो दोन वर्षं खपत होता. पुण्याच्या मोटारसायकल मेळाव्यात ती उभी करायची आणि पाटीवर लिहायचं, बनवणारा सटवा, लिंबागणेश. बस, एवढीच हाव.

गाडं अडलं टाकीच्या पत्र्यापाशी. दुष्काळानं गावातलं दूध आटलं होतं, दूध सोसायटीचे अॅल्युमिनियमचे कॅन पालथे पडले होते. सोसायटीचा सचिव बिभीषण लहानपणापासूनचा जिगरी. तोच म्हणाला, "ने की बे दोन कॅन. कोण इचारतंय?"

"एखादी चिठ्ठी दे."

"दोस्तीत कागद लागतो व्हय रं?"

सटवा लाजला. इथंच माती खाल्ली गड्यानं! सोसायटीचा झाडू हलवायचा तरी ठराव लागतो, हे लिंबागणेशात कुणाला ठाऊक नाही?

कॅन कापून काढलेला पत्रा वाळूच्या पोत्यावर ठेवून त्यानं तो महिनाभर लाकडी मोगरीनं ठोकला. अशी टाकी उतरली, की ट्रकवाले चहा टाकून बघायला यायचे. मोबाइलवर फोटो फिरला, पुण्याहून बोलावणं आलं.

आठ दिवसांत सोसायटीनं सभा लावली. बिभीषण उभा राहिला आणि सटवाकडे न बघता वाचू लागला.

"सोसायटीचे कॅन विनापरवाना नेऊन केलेली मोटारसायकल सोसायटीच्या मालकीची समजावी. पुण्याला ती सचिवांनी न्यावी."

"बिभ्या, तूच दिलते ना बे कॅन?"

"कागद हाय का?"

परक्यानं लुटलं असतं तर सोसलं असतं सटवानं; ह्याच्या तर ताटात जेवला होता तो.

"मंजूर असंल त्यांनी हात वर करा," बिभीषणानं पुकारलं.

चारा छावणी सोसायटीची, आणि कुणाचं जनावर आत घ्यायचं ते बिभीषण ठरवणार. पटापट हात वर गेले. बायकांच्या रांगेत सटवाची आई, सारजाबाई, सभासद म्हणून बसली होती. तिनं पदर सावरला आणि तिनंही हात वर केला.

सभा उठल्यावर तो तिच्यापुढं उभा राहिला. "आये, हात कावून वर केला गं?"

"छावणीत आपल्या दोन गायी हायेत, लेकरा. त्या भाईर काढल्या तर काय घालू त्यान्ला? तुजी पाटी?"

सटवानं खिशातून गाडीची चावी काढून तिच्या हातावर ठेवली. "मग तूच दे त्याला. माज्यानं न्हाई व्हायचं."

त्याला वाटलं, आता तरी आई रडेल, चावी परत देईल. म्हातारीनं मूठ मिटली आणि ती बिभीषणाच्या टेबलाकडे चालू लागली.