मास्तरांच्या गळ्याचं माप

टेलर मास्तरांच्या घरात एक खोड होती: गिऱ्हाइकाचं माप दोनदा घ्यायचं, घरच्यांचं एकदाही नाही. मास्तरांचा शर्ट पंधरा वर्षं एकाच जुन्या कागदी कटिंगवरून बेतला जायचा. घरचाच माणूस, त्याला काय मोजायचं!

आणि गेलं वर्षभर हाच माणूस बायकोच्या जिवावर उठला होता. "तू माझे शर्ट चोरून आत घेतेस. गळा आवळून मारायचंय मला!" बिचारी काकू! रडून रडून डोळ्यांतलं पाणी आटलं. भर उन्हाळ्यात मास्तर मफलर गुंडाळून बसायचे, गिऱ्हाइकांवर खेकसायचे, भिंतीशी बोलायचे. शेवटी तिने मनावर दगड ठेवला. उद्या सकाळी त्यांना मनोरुग्णालयात न्यायचं ठरलं. कागदांवर तिची सही तेवढी राहिली होती.

"आई, जरा थांबा," सून म्हणाली. दुकानात काज-बटणं करणारी ही पोरगी, एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही. तिने टेप उचलली आणि सरळ सासऱ्यांपुढे उभी राहिली. "बाबा, मफलर काढा. खरंच घट्ट होतोय का शर्ट, बघू."

मास्तरांनी मफलर सोडला आणि मान वर केली. वर्षभरात त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं.

गळा साडेसतरा इंच भरला. कटिंग होतं सोळाचं.

"अगं बाई! जेवण तर चिमणीएवढं," काकू म्हणाली.

"तेच ना. मग मान कशी वाढली? आवाजही घोगरा झालाय. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवू."

काकू तिच्याकडे बघतच राहिली. काय डोकं पोरीचं! आपण एवढ्या मोठ्या टेलरीणबाई, आणि आपल्याला साधी टेप उचलायचं सुचलं नाही.

डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्त तपासलं. थायरॉइडची ग्रंथी सुजली होती आणि तिचं काम जवळजवळ बंद पडलं होतं. "त्यांचे भास, संशय, उन्हाळ्यात वाजणारी थंडी, सगळं यातूनच आलंय," ते म्हणाले. "रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. धीर धरा."

चार महिन्यांनी मास्तर पुन्हा मशीनवर बसले. पाय चालवता चालवता थांबले आणि काकूकडे वळले.

"काय गं, शर्ट खरंच घट्ट होते ना?"

"होते."

"म्हणजे तेवढं तरी मी खोटं बोलत नव्हतो."

"नाही हो. आम्हीच मोजलं नाही," काकू म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना.

मास्तर उठले. जुनं कटिंग त्यांनी टराटरा फाडलं आणि गळ्यातली टेप काढली.

"उभी राहा. तुझं माप घेतो. मग सूनबाईचं. दोनदा."