परत आणलेला ब्रेक

ब्रेक गेला तेव्हा माझ्या स्कूलव्हॅनमध्ये अकरा मुलं होती आणि समोर शाळेचा उतार. पेडल दाबलं तर ते कुठेही न अडता थेट तळाला गेलं. मी हँडब्रेक ओढला, गिअर खाली आणला आणि बांधकामापुढच्या वाळूच्या ढिगात गाडी घातली. मुलं एकमेकांवर कोसळली. एकाचा आधीपासून हलणारा दुधाचा दात पडला आणि पठ्ठ्या तो हातात घेऊन खिदळत बसला. माझी बोटं मात्र स्टिअरिंगवरून सुटेनात. शेवटी वॉचमनने येऊन ती सोडवली.

पुढची सीट रिकामी होती. ती माझ्या भाचीची, छोटीची जागा. तिला हल्ली गाडी लागते म्हणून तिचा बाप तिला चालत शाळेत सोडतो. ती तिथे असती तर कपाळ काचेवरच आपटलं असतं.

ब्रेकचा सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा भाग, मागच्याच आठवड्यात बदललेला. नवा परवडत नव्हता, म्हणून जुन्या पार्टच्या दुकानातून वापरलेला आणला. पैसे मी मोजले, बसवला छोटीच्या बापाने, माझ्या पाठच्या भावाने. त्याचं गॅरेज आहे आणि माझ्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नाही. घरात मेकॅनिक असताना बाहेरच्याचे पाय कोण धरणार?

गाडी ओढून नेणाऱ्याकडूनच मी तो सिलिंडर काढून घेतला आणि ग्राहक मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "माल जुना असला म्हणून काय झालं? ब्रेक म्हणून विकला ना? मग तो लागलाच पाहिजे. आधी दुकानदाराला भेटा, नाही ऐकलं तर तक्रार घेऊ. आणि बसवणाऱ्याचीही जबाबदारी असते. त्याचं नाव सांगा."

"तो माझा भाऊ आहे. त्याला यात ओढू नका," मी म्हटलं.

भावाला मात्र साक्षीदार म्हणून सोबत ओढलंच. तो आधीपासून पाय मागे घेत होता.

"सोड ना ताई. जुन्या मालाला कसली आलीय गॅरंटी? देव पावला, मुलं वाचली."

"देव पावला. आता दुकानदार पावेपर्यंत मी तिथून हलणार नाही."

दुकान म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेड. एका भिंतीला गाड्यांचे दरवाजे, दुसरीला दिवे, मधल्या मांडणीवर इंजिनाचे सुटे भाग. दुकानदाराला सगळे चष्मेवाले म्हणतात, कारण त्यांचे दोन चष्मे असतात आणि डोळ्यांवर बहुतेक वेळा एकही नसतो. मी सिलिंडर त्यांच्या टेबलावर आदळला.

"अकरा लेकरं होती गाडीत! अकरा! काय विकता हो तुम्ही? लाज वाटत नाही?"

आवाज इतका चढला की शेडमधली ठोकाठोक थांबली. चष्मेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, सिलिंडर उलटासुलटा केला आणि नखाने त्याचा काळा रंग खरवडला. खाली गंज होता.

"बाई, हा माझा नाही."

"वा! आता हात झटका."

"मी विकलेल्या प्रत्येक पार्टवर गाडीचा नंबर घालतो. पिवळ्या रंगाने, तुमच्यादेखत. आठवतंय?"

आठवत होतं. तेव्हा मी हसलेसुद्धा होते, बारशाला नाव ठेवतात तसं काय करता म्हणून. "रंग पुसता येतो," मी म्हटलं, पण आवाज आधीएवढा चढला नाही.

ते मागच्या मांडणीपाशी गेले आणि एक सिलिंडर घेऊन आले. त्यावर पिवळ्या रंगात माझ्या गाडीचा नंबर होता. माझाच. मी दोनदा वाचला.

"हा तुमचा. तुमचा भाऊ दुसऱ्या दिवशी घेऊन आला, बसत नाही म्हणाला. आठ दिवसांत आणलेला माल मी परत घेतो, तो तर ग्राहकाचा हक्कच आहे. पैसे त्याच्या हातात दिले."

मी टेबलाची कड धरली. भाऊ दाराशी उभा होता, एक पाय बाहेर.

"ताई, ऐक ना... जुन्यालाच नवी रबरं घातली होती मी. रंग दिला. गॅरेजचं भाडं थकलं होतं गं. पुढच्या महिन्यात चांगला घालणारच होतो. तुझी शपथ, मला वाटलं चालेल."

चालेल. मला ते खरं वाटून घ्यायचं होतं. लहानपणापासून याच्या चुका मीच पदरात घेत आले, हीही घेतली असती. आईने त्याचा हात माझ्या हातात दिला होता. मी तोंड उघडलं होतं, जाऊ दे म्हणायला.

आणि माझ्या डोळ्यांपुढे ती रिकामी सीट आली.

"छोटीला गाडी कधीपासून लागायला लागली रे?"

पोरगी तीन वर्षं माझ्या शेजारी बसून गाणी म्हणत शाळेत गेली होती, एकदाही तिला मळमळलं नव्हतं. मागच्या आठवड्यापासून ती चालत जात होती. मला वाटलं, बापाला कधी नव्हे ते लेकीचं प्रेम उतू चाललंय.

प्रेमच होतं ते. त्याने स्वतःची तेवढी उतरवून घेतली होती.

चष्मेवाल्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मी तो बाजूला सारला. फोन काढला आणि मदत केंद्राच्या बाईंना म्हटलं, "बसवणाऱ्याचं नाव लिहून घ्या."