घाटाच्या वरून

हेमाताईंना गाडी लागायची. साधीसुधी नाही, आंबोली घाटाचं नुसतं नाव काढलं तरी त्यांच्या पोटात ढवळायला लागे. आणि नवरा कोण, तर एसटीचा ड्रायव्हर. जोडी जमवताना देवाला थट्टेची लहर आली असणार.

वेंगुर्ल्याला त्यांची थोरली बहीण, कौशल्याअक्का. आई लवकर गेली, तेव्हा हेमाताईंच्या वेण्या घालून त्यांना शाळेत धाडणारी हीच. पण तीस वर्षांपूर्वी हेमाताई तिच्याकडे पोचल्या त्या थेट सलाईनवरच, आणि जाणं बंद झालं. आगगाडीचे बोगदेही सोसेनात. मग अक्काच पुण्याला यायची. दोन वर्षांपूर्वी तिचा खुबा मोडला आणि तेही संपलं. आता बहीण दिसेल ती फोनच्या काचेत, या विचारानं हेमाताईंना जेवण गोड लागत नसे.

विश्रांतवाडीतल्या त्यांच्या गच्चीवरून दिवसभर विमानं जात. त्यातलं एखादं आपल्यासाठीही असू शकतं, हे पापड वाळत घालताना त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. लेकीनं, स्वरालीनं, परस्पर वेंगुर्ल्याजवळच्या नव्या विमानतळाची तिकिटंच काढली. रस्त्यानं पावणेचारशे किलोमीटर, दहा तास. विमानानं जेमतेम तासभर. निवृत्त झालेल्या नवऱ्यानं, श्यामरावांनी, ते दोनदा वाचलं. ‘‘म्हणजे मी बावीस वर्षं बैलगाडी हाकत होतो,’’ एवढंच म्हणाले.

हेमाताई उपाशीपोटी निघाल्या. पर्समध्ये आलेपाक, लिंबू आणि सात प्लॅस्टिकच्या पिशव्या. विमान उठलं तसे त्यांनी डोळे गच्च मिटले आणि नवऱ्याचं मनगट धरलं. बऱ्याच वेळानं, डोळे न उघडताच विचारलं, ‘‘अहो, घाट आला का?’’

‘‘गेला. डोळे उघड, समुद्र आलाय.’’

पिशव्या कोऱ्याच राहिल्या. पुढे थोडी रिक्षा, आणि ओसरीवर वॉकर धरून उभी असलेली अक्का. दोघी पोटभर रडल्या.

जेवताना हेमाताईंनी आपली जुनी तक्रार काढली. डेपोतल्या कुण्या साहेबानं डूख धरून यांना जन्मभर वेंगुर्ल्याची मुक्कामी गाडी दिली, मी मेली घरी एकटी, वगैरे. अक्काचा घास हातातच राहिला.

‘‘कुठला साहेब? अगं, ही गाडी ते मागून घ्यायचे. साताऱ्याची मिळत होती, रोज घरी आले असते. हेमाला घाट सोसत नाही, तिच्या वतीनं मी येतो, म्हणायचे. तू पाठवलेला डबा मी खाईपर्यंत समोर बसून राहायचे. तू विचारशील ना, कसा झाला होता म्हणून.’’

हेमाताई विचारायच्याच. अक्का बारीक झाली का, पोळ्या किती खाल्ल्या, हसली का. आणि दमून आलेला माणूस बूटही न काढता सगळं सांगायचा. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आता वाटलं.

श्यामराव सोलकढीत मान घालून बसले होते. हेमाताईंनी त्यांच्या पानात भात वाढला.

‘‘अहो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्या बैलगाडीचे माझ्यावर फार उपकार आहेत.’’

श्यामरावांनी रिकामी वाटी पुढे केली, पण वर काही बघितलं नाही.