चुकीच्या अंदाजाची तालीम

मी आनंदी. कर्वेनगरच्या एका शाळेत चौथीच्या वर्गावर आहे. विज्ञान शिकवायची माझी पद्धत साधी. मुलांनी आधी अंदाज सांगायचा, मग स्वतः करून बघायचं, मग असं का झालं ते आपापसात भांडून ठरवायचं. प्रशिक्षणात याला ज्ञानरचनावाद म्हणतात आणि तो आम्हाला दिवसभर गप्प बसवून शिकवतात.

माझ्या वर्गातली अपेक्षा मात्र तोंडच उघडत नव्हती. वडिलांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे वाशीमहून वारज्याला आलेली. पहिल्याच आठवड्यात ती ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणाली आणि वर्ग खो खो हसला. तेव्हापासून गप्प. मुख्याध्यापक श्रीनिवास सरांनी निकाल देऊन टाकला, की पोरीला काही समजत नाही.

“गुरुवारी केंद्रप्रमुख पाठ बघायला येतायत. त्यांच्यासमोर बोलली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून मागे पडलेल्यांच्या वर्गात.”

तिथे प्रयोग-बियोग काही नाही, नुसतं फळ्यावरचं उतरवून घ्यायचं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

बुधवारी सरांनी पाठाची चक्क तालीम घेतली. माझं ऐकतंय कोण! कुणी कोणता अंदाज सांगायचा, सगळं वाटून दिलं. एक चुकीचाही हवा, नाहीतर पाठ खरा वाटत नाही म्हणे! तो अपेक्षाच्या गळ्यात मारला.

“संत्रं पाण्यात बुडेल, एवढंच म्हणायचं. जमेल ना?”

तिने मान हलवली.

गुरुवारी केंद्रप्रमुख सोनाली मॅडम आल्या. अपेक्षा उभी राहिली, पुटपुटली, “बुडेल.” मी संत्रं बादलीत सोडलं. तरंगलं. सरांनी समाधानाने मान डोलावली.

मॅडमनी विचारलं, “तुला का वाटलं गं, की बुडेल?”

याची तालीम झाली नव्हती. आता ही रडणार आणि गेली माझ्या हातातून, असंच वाटलं.

“मले तसं नव्हतं वाटत,” अपेक्षा म्हणाली. “सरनं सांगतलं होतं.”

कुणी हसलं नाही. सर छताकडे बघायला लागले.

“बरं, मग तुला स्वतःला काय वाटत होतं?”

“तरंगन.” ती थांबली. “सोलून पाहू का?”

तिने भराभर सोललं, बादलीत टाकलं. संत्रं सरळ तळाला!

“आँ! बाई, आता काहून बुडालं?”

माझे डोळे भरून आले. उत्तर मी दिलं नाही. “तुम्हीच शोधा,” म्हटलं, आणि वर्गात कल्ला उसळला.

मॅडम गेल्यावर सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. “नाक कापलं त्या पोरीने!”

“अहो सर, बोलली तर ठीक, हे आपलेच शब्द. ती बोलली. माझ्याच वर्गात राहील.”

सर घसा खाकरत ऑफिसकडे वळले.

मी आत आले. अपेक्षाभोवती सगळी पोरं गोळा झाली होती, आणि ती दुसरं संत्रं अर्धंच सोलून पाण्यात सोडत होती.