आयुष्यातून वजा

नखाची खूण ताजी होती. जुना कागद तांबूस पडलेला, आणि समासातली ती चंद्रकोरीसारखी रेघ मात्र पांढरी — म्हणजे कागदाचे तंतू नुकतेच उचकटलेले, हवा अजून त्यांच्यावर बसलेली नाही. पुखराजनं पुस्तक दुकानाच्या दाराकडे, उजेडात तिरपं धरलं. शेजारी त्याची स्वतःची खूण होती, पंधराव्या वर्षी केलेली, कधीच कागदाच्या रंगाची होऊन गेलेली. दोन्ही खुणा एकाच ओळीशी. ‘मुलांचे छुपे पाप आईबापांच्या आयुष्यातून वजा होते.’

पुस्तकाचं नाव ‘कोवळ्या मनाचा सारथी’. घरात ही एकच प्रत, आणि ती वाचण्याच्या वयाचं आता एकच माणूस — सोहन. चौदा वर्षांची ही त्याची बहीण पर्युषणात अठाई धरून बसली होती. आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळून निववलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. तिच्या अठाईनिमित्त हे पुस्तक पुन्हा छापून तळोद्याच्या प्रत्येक जैन घरात प्रभावना म्हणून, धर्माची भेट म्हणून, वाटायचं, असं बापूजींनी ठरवलं होतं. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, तो त्यांनी मिळवला. छापखान्याचा माणूस ही प्रत घेऊन दुपारच्या मोटारीनं धुळ्याला परत जाणार होता.

“नव्या आवृत्तीला दोन ओळी लिही,” गादीवरून त्याचे वडील केवलचंद म्हणाले. “खाली नाव, नावापुढं बी.एस्सी. लोक म्हणतील, सायन्स शिकला तरी मानतो.”

“काय मानतो, बापूजी?”

“आता मीच सांगू? तुझी आई आजारातून कशानं उठली ते साऱ्या गावाला ठाऊक आहे.” त्यांनी बोलता बोलता छातीवर हात दाबला. उन्हाळ्यापासून त्यांना धाप लागत होती. गावठाणाचा चढ आला की ते मध्येच कुणाशी तरी बोलायला थांबत, आणि सगळे समजत की शेठ मोठे बोलके.

आई कशानं उठली… हिवतापानं ती तेव्हा, त्याच्या पंधराव्या वर्षी, खाटेला खिळली होती आणि पुखराजला ठाऊक होतं की ते त्याच्यामुळं आहे. त्याला नको ती स्वप्नं पडत होती. त्या स्वप्नांबद्दल पुस्तकात पान होतं — अशा मुलाचं तेज उतरतं, वजन घटतं — म्हणून तो दुकान उघडण्याआधी कापसाच्या काट्यावर स्वतःला टांगून बघायचा. वजन खरंच घटत होतं. भीतीनं जेवण जात नव्हतं हे त्यानं धरलंच नव्हतं. मग त्यानं अठाई धरली. शिक्षा म्हणून धरली होती, पण शिक्षेला आणि तपाला इथं एकच पाणी, एकच पाट, एकच गाणी. त्याला हार घातले, घोड्यावर बसवलं, वाजतगाजत बाजारातून फिरवलं, आणि इचरजबाई भुवा, त्याची आत्या, रस्त्याच्या मधोमध उभी राहून रडली की केवढा पुण्यवान पोर. का केलंस, असं कुणी विचारलं नाही. आणि आई उठली.

त्याच आठवड्यात डॉक्टरनं क्विनाइन सुरू केलं होतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर प्रयोग बाद — हे पुण्यात पहिल्याच वर्षी शिकवतात, आणि ते ऐकताना तो बाकावर इतका ताठ बसला होता की शेजारच्यानं विचारलं, बरं नाही का? पण बाद म्हणजे खोटं नव्हे. बाद म्हणजे माहीत नाही. म्हणून तर मी खानावळीत एकदा आम्हाला वर्ज्य असलेला बटाटा खाल्ला आणि पुढचे कितीतरी दिवस पोस्टमनची वाट बघत राहिलो… आईची खुशाली आली तेव्हा आनंद झाला नाही. वाटलं, सवलत मिळाली. हा मी. हाच आता नावापुढं बी.एस्सी. लावणार.

ती ओळ तो खोडू शकत होता. प्रत त्याच्याच हातात होती. पण सोहननं ती वाचली होती, आणि तिथून ती कशी खोडायची?

“भाऊ,” ओट्यावर तूर निवडत बसलेली दगूबाई म्हणाली, “इतलं शिकना, तरी आजून पुस्तकच वाची ऱ्हायना का?”

“संपतच नाही ना, मावशी.”

“मंग ठी दे. ते काय पयी जास का?”

ते पळून जाणार नव्हतं, तरी ठेवून न देता तो पुस्तक घेऊनच आत गेला.

माजघरात सोहन भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, हातावर मेंदी. परसात त्यांची आई जडावबाई उकळलेलं पाणी परातीत ओतून निववत होती आणि तपाचं गाणं गुणगुणत होती. आवाज खणखणीत, कधी आजारी पडलीच नसल्यासारखा.

“सोहन, अठाई का धरलीस?”

“धरावीशी वाटली.”

“बापूजींच्या धापेसाठी?”

 तिनं त्याच्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळू लागली. “भाईजी, तुम्ही का धरली होती?”

परसातलं गाणं थांबलं नव्हतं. उत्तर तयार होतं, चार शब्दांचं: शिक्षा म्हणून धरली होती. पण ते उच्चारलं की आईचं उठणं, तो घोडा, भुवाचं रडणं, सगळं या लहान खोलीत उघडं पडणार होतं. आणि समजा, न जाणो, बापूजींना उद्या काही झालं, तर सोहन आयुष्यभर म्हणणार की भाईजींनी माझी अठाई मोडली. दुसरं उत्तरही तयार होतं. आईसाठी. ते ऐकून ती शांत झाली असती आणि तिथंच, भिंतीला टेकून, उरलेले दिवस काढले असते.

“मलाही धरावीशी वाटली होती,” तो म्हणाला.

तिनं मान हलवली, हे ठाऊकच होतं अशी, आणि डोळे मिटले. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. आजवर त्याला कुणी हे विचारलंच नव्हतं. तो उभाच राहिला, तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत, तिनं पुन्हा एकदा विचारावं म्हणून.