यंत्र क्रमांक चारची कानउघाडणी

माझी मावशी बटणांच्या कारखान्यात कानउघाडणी अधिकारी होती. केबिनच्या दारावर तशी पाटी होती. आत एक टेबल, पाण्याचा ग्लास आणि दोन खुर्च्या. एक ऐकणाऱ्याची, साधी. दुसरी बोलणाऱ्याची, तिला हात होते आणि तपकिरी गादी होती.

त्याआधी बावीस वर्षं मावशी पॅकिंगच्या उंच टेबलाशी उभी होती. तिला धरून अकरा बायका तिथे आठ तास उभ्यानं बटणं निवडायच्या आणि डब्यांत भरायच्या. ती संध्याकाळी घरी येताना तिचे गुडघे जिन्यात वाजत, आणि त्या आवाजावरून ती कितव्या पायरीवर आहे हे मी वरच्या मजल्यावरून अचूक सांगू शकत असे.

हे पद निर्माण झालं ते एका रागातून. ड्रिलवरच्या लंबूची बटणं टेबलावर आली ती सगळी भोकं एका बाजूला सरकलेली. मावशी तडक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काय रे, ही भोकं तू पाडलीस की उंदरानं? हा शर्ट घालणाऱ्यानं काय जन्मभर एका खांद्यानं वाकून चालायचं?" आदल्या दिवशी लंबूची हजारात सत्तर बटणं खराब निघाली होती, त्या दिवशी तीस निघाली. मागे मालक वही घेऊन उभे होते.

मालकांना हे पटायला वेळ लागला नाही, कारण त्यांचा स्वतःचा अनुभव होता. तरुणपणी एका वर्षी त्यांचा धंदा दुप्पट झाला आणि वर्तमानपत्रात 'यशस्वी उद्योजक' म्हणून फोटो छापून आला. पुढच्या वर्षी निम्म्या ऑर्डरी गेल्या. कौतुकासारखं विष नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि कारखान्यात 'छान' हा शब्द म्हणायला बंदी घातली. चहावाल्या काकूंनी "कसा झालाय चहा?" विचारलं तर लोक "झालाय" म्हणत.

पद्धत अशी ठरली. ड्रिलिंगची सहा यंत्रं, सहा माणसं. कुणाची कुरकुर नको म्हणून रोज प्रत्येकजण एक यंत्र पुढे सरकायचा, हे आधीपासूनच चालू होतं. ज्याची बटणं काल सगळ्यात जास्त खराब निघाली, त्यानं आज सकाळी अर्धा तास मावशीसमोर बसायचं. तीन प्रतींत फॉर्म भरायचा. नाव, वय, आणि बोलणी कशी हवीत: सौम्य, मध्यम की खरमरीत. खाली बोलणाऱ्याची सही आणि ऐकणाऱ्याची सही.

मावशीच्या शिफारशीवर मला तिथे मोजणीचं काम मिळालं. विज्ञानाची पदवी घेऊन मी खराब बटणं मोजू लागले. मला ते आवडलंही. मोजलेली गोष्ट वाद घालत नाही.

सहा महिने झाल्यावर मालकांनी मला बोलावलं. "कारखानदारांचा मेळावा आहे. यशाचं रहस्य या विषयावर मी बोलणार आहे. कानउघाडणीनं किती सुधारणा झाली याचा अहवाल करा, आलेखासकट. त्यावरच मावशींचं पद कायम करू."

"आणि अहवालात काही वेगळं निघालं तर?"

"तर केबिनमध्ये खोके ठेवू. मावशींची टेबलाशी जागा आहेच."

आकडे पाहिले तर चिंतेचं कारण नव्हतं. एकशे बेचाळीस कानउघाडण्या, त्यातल्या एकशे छत्तीस वेळा त्याच दिवशी सुधारणा. इतका गुण औषधानंही येत नाही. फक्त दोन दिवसांच्या आकड्यांनी घोळ केला. एका दिवशी मावशीचा घसा बसला होता, ती नुसती समोर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ती गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेली होती, केबिनला कुलूप होतं. दोन्ही दिवशी माणसं तेवढीच सुधारली.

त्याच आठवड्यात लंबू मला म्हणाला, "मोजणीबाई, परवा सकाळी माझे डबे उशिरा येतील. परवा माझी बोलणी आहेत."

"तुम्हाला आधीच कसं माहीत? उद्याची बटणं तर अजून पाडायची आहेत."

"पाळी असते ना," तो म्हणाला. मला वाटलं, थट्टा करतोय.

त्या संध्याकाळी मावशी गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसली होती. मी सापशिडीच्या खोक्यातले सहा फासे तिच्यापुढे ठेवले.

"हे तुझे सहा कामगार. टाक."

तिनं टाकले. एकाला एक पडला.

"हा सगळ्यात वाईट. याला बोल."

"वेड लागलंय का तुला?"

"बोल तर."

मावशीनं फासा दोन बोटांत धरला. "लाज नाही वाटत? पाच भावंडं कशी नीट पडली, आणि तू पालथा." तिनं तो पुन्हा टाकला. चार पडले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "ऐकतोय की गं हा."

"आता सहा पडलेल्याचं कौतुक कर."

तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "छान पडलास हो." आणि टाकला. दोन पडले.

"बघ," ती म्हणाली. "लाडानं बिघडतात. साहेब उगाच नाही म्हणत."

मी म्हटलं, आता काहीच न बोलता टाक. एक पडला की तोच फासा पुन्हा, गुपचूप. आम्ही पिशवी गार होईपर्यंत टाकत राहिलो. जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच्या जागी मोठं काहीतरी पडत होतं. एकाच्या खाली पडायला जागाच नव्हती.

मावशीनं फासे गोळा केले, खोक्यात भरले, झाकण लावलं. ती काही कमी हुशार नाही.

"म्हणजे सहा महिने मी फाशांना बोलत होते."

"तसंच दिसतंय."

"आणि तू हे लिहिणार."

"खोटं कसं लिहू, मावशी?"

"खोटं लिही असं म्हटलंय का मी? खरंच लिही." तिनं गुडघ्यावरची पिशवी उचलून बाजूला ठेवली. "पण उभ्यानं लिही."

मी अहवाल खरंच उभ्यानं लिहिला, ओट्यावर कागद ठेवून. पहिल्या पानाला काही वाटलं नाही. दुसऱ्या पानाला मी वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकायला लागले. तिसऱ्या पानाला टाचांतून कळ यायला लागली आणि वाक्यं आपोआप आखूड झाली. दोन तास झाले होते. बावीस वर्षांचे तास किती, याचा हिशेब मी सुरू केला आणि सोडून दिला. अहवालात मात्र लिहिलं ते असं: कानउघाडणीचा परिणाम आढळला नाही.

मालकांनी अहवाल वाचला. मी फासे बरोबर नेले होते. त्यांनाच टाकायला सांगितले. एकाला एक पडला.

"आता बघा, मी याला काहीही बोलत नाही. टाका."

पाच पडले. मालक खुर्चीत मागे टेकले.

"तुम्ही मनात बोललात."

"नाही, साहेब."

"तुम्हाला कळलंही नसेल. मावशींची भाची ना तुम्ही? घराण्यातच असणार." त्यांनी पुन्हा टाकून पाहिलं. पुन्हा एकाचे तीन झाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "आणि निर्जीव वस्तूवर चालतंय. आपण ही ताकद माणसांवर वाया घालवत होतो."

मी बोलायला लागले की ते फासा पुढे करायचे. दहा मिनिटांनी ठरलं ते असं: मेळाव्याच्या आधी मावशीनं यंत्रांची कानउघाडणी करायची. सुरुवात चार नंबरपासून, कारण ते कोपऱ्यात होतं आणि मावशीची खुर्ची फक्त तिथेच मावत होती. यंत्रानं ऐकलं तर पद कायम. नाही ऐकलं तर केबिनमध्ये खोके.

"शाबास," बाहेर आल्यावर मावशी मला म्हणाली. "आता लोखंडापुढे तोंड चालवायचं. शिकवलं ते फुकट नाही गेलं."

सोमवारी खुर्ची चार नंबरसमोर आली. फॉर्म भरला गेला. नाव, यंत्र क्रमांक चार. वय, एकोणीस. बोलणी, खरमरीत. ऐकणाऱ्याच्या सहीच्या जागी मालकांनी यंत्रावर बोट फिरवून तेलाचा ठसा उमटवला. सगळे बघत होते.

मावशीनं घसा खाकरला. "एकोणीस वर्षं तेल पितोयस, वीज खातोयस, आणि भोकं पाडतोस ती अशी? शेजारच्या पाच नंबरकडे बघ जरा. त्यालाही तेच तेल मिळतं. त्याची कधी तक्रार आली?"

पाच नंबरवर उभा असलेला लंबू उगाचच सावरून उभा राहिला.

त्या दिवशी चार नंबरची हजारात एकाहत्तर बटणं खराब निघाली. मंगळवारी एकोणसत्तर. मालक अस्वस्थ झाले. "जाड कातडीचं आहे," ते म्हणाले.

मी घरी सहा महिन्यांच्या वह्या पुन्हा उघडल्या. एकाहत्तर, एकोणसत्तर. मावशीसमोर बसलेल्यांचे आदल्या दिवशीचे आकडे सगळे याच्याच आसपास होते. काहीतरी माझ्या नजरेसमोर होतं आणि मला दिसत नव्हतं.

बुधवारी मावशीचं बोलणं संपलं. अर्ध्या तासात तिनं त्याची आई काढली, कारखाना काढला, आणि मग ती दमून नुसती बसून राहिली. कामावर असताना यंत्राजवळ नुसतं बसून राहिलेली ती बहुधा पहिलीच व्यक्ती. पाण्याचा ग्लास तिनं यंत्राच्या कडेवर ठेवला. ड्रिल खाली आलं की पाणी डाव्या बाजूला उडी मारायचं. पाच नंबरवर ठेवून पाहिला, तिथे पाणी नुसतं थरथरलं.

"जरा बंद कर रे," ती चार नंबरवरच्या माणसाला म्हणाली. हात टेकत, कण्हत ती खाली वाकली. चार नंबरचा मागचा डावा पाय जमिनीला टेकलेलाच नव्हता. फट बोटाच्या नखाएवढी. तिनं फॉर्मच्या तिन्ही प्रती घेतल्या, घडी घातली, पुन्हा घडी घातली आणि पायाखाली सरकवल्या.

संध्याकाळी मी मोजलं. हजारात एकोणतीस.

आनंद व्हायला हवा होता. पण सहाही ड्रिलवाले सुतकी चेहऱ्यानं उभे होते.

"मावशी, हे काय करून बसलात," लंबू म्हणाला. "सहा दिवसांतून एकदा अर्धा तास बसायला मिळत होतं."

"म्हणजे?"

"चार नंबर आला की दुसऱ्या दिवशी बोलणी. पाळी असायची. मी तर डबाही त्या हिशेबानं आणायचो."

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"यंत्र हलतं ते उभ्या माणसाला कळणार नाही होय?"

"मग सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुणी?"

मी सहा महिने आकडे माणसांप्रमाणे मांडले होते. यंत्रांप्रमाणे मांडायचं मला सुचलंच नव्हतं. फाशांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण माझ्या सहा फाशांत एक बनेल होता आणि तो रोज वेगळ्या माणसाच्या हातात जात होता.

तेवढ्यात मालक आले. त्यांनी आकडा पाहिला, यंत्राभोवती एक फेरी मारली.

"सुधारलं."

"साहेब, त्याचा पाय आखूड होता," मावशी म्हणाली.

"पाय एकोणीस वर्षं आखूड आहे, मावशी. सुधारलं ते आज. बोलणी तर परवापासून चालू होती, तेव्हा नुसती बोलणीही नव्हेत." ते कपाळाला आठ्या घालून उभे राहिले. शास्त्रीय विचार करताना ते असे दिसत. "केबिनमध्ये माणसं सुधारली. इथे यंत्र सुधारलं. दोन्ही ठिकाणी सारखं काय होतं?"

मावशीनं तपकिरी गादीवर हात ठेवला.

"खुर्ची," मालक म्हणाले.

मी तोंड उघडलं, कारण खुर्चीही परवापासूनच तिथे होती. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग पलीकडे, पॅकिंगच्या टेबलाकडे. तिथल्या दहा जणींपैकी एकजण एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाची पोटरी चोळत होती.

"मोजणीबाई, बरोबर आहे ना? दोन्ही ठिकाणी खुर्ची होती?"

"खुर्ची होती," मी म्हटलं. "हे खरं आहे."

"पॅकिंगमध्ये किती जणी उभ्या असतात?"

"दहा," मावशी म्हणाली. "आणि ड्रिलवर सहा."

"सोळा खुर्च्या मागवा. अगदी अशाच. हात हवेत, गादी तपकिरीच हवी. काहीही बदलायचं नाही."

खुर्च्या आल्यावर पॅकिंगच्या टेबलाचे पाय कापावे लागले. चारही सारखे, मी मोजून दिले. मावशीचं पद कायम झालं, पाटीही राहिली, पण बोलायला कुणी उरलं नाही म्हणून ती खुर्ची उचलून बायकांत जाऊन बसली. मालक मेळाव्याला गेले ते माझा अहवाल इथेच विसरून. खुर्ची मात्र एक बरोबर नेली.

मी पुढचा महिनाभर मोजलं. खुर्च्या येण्याआधी हजारात तीस बटणं खराब निघत होती, आल्यावरही तीसच. मी नवा अहवाल लिहिला: खुर्च्यांचा बटणांवर काहीही परिणाम नाही. मावशीच्या शेजारी बसून लिहिला. तिनं तो वाचायला घेतला.

"साहेबांना दाखवणार?"

"मागितला तर."

तिनं कागदाची घडी घातली आणि परत दिला. घरी आता तिचे गुडघे जिन्यात वाजतात, पण वरच्या चार पायऱ्यांवरच, हे मी अहवालात घातलं नव्हतं.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून तिनं आजूबाजूला पाहिलं.